वाघासाठी पावती फाडण्याआधी

जुलै संपत आला की आमच्या बिल्डिंगच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर वाघ येतो. २९ जुलैला जागतिक व्याघ्रदिन, त्याच्या आगेमागे. पिल्लाचा चेहरा, खाली दोन हळव्या ओळी, त्याखाली क्यूआर कोड. कुणी पाचशे पाठवतं, कुणी नुसते हात जोडतं, आणि रात्रीपर्यंत तो वाघ पाणीकपातीच्या सूचनेखाली गाडला जातो.

मी गोरेगावात राहतो. तीस वर्षं बँकेत कर्जाच्या फायली तपासल्या. एवढं असूनही वाघासाठी पहिल्यांदा पैसे दिले ते एकही कागद न बघता. २०१७ साली आम्ही सात जणांनी ४२,००० रुपये जमवले आणि एका संस्थेला दिले, ताडोबाच्या बफरमधल्या, म्हणजे राखीव जंगलाभोवतीच्या पट्ट्यातल्या, एका गावात सौरदिवे लावायला. दिवे लागले, फोटो आले, आम्ही खूश. दीड वर्षानं एका लग्नासाठी विदर्भ एक्स्प्रेसनं नागपूरला गेलो होतो, तेव्हा एक दिवस काढून त्या गावी जाऊन आलो. खांब उभे होते, दिवे बंद. दोन खांबांना दोरी बांधून कुणीतरी धुणं वाळत घातलं होतं.

"दिवे तं मस्त होते जी," समोरच्या घरातल्या बाई म्हणाल्या. "आठ महिने जळले. मंग बॅटऱ्या गेल्या. त्याले पैसे कोण देते?" मग शेताकडे हात करून म्हणाल्या, "आमाले इचारलं असतं तं त्या विहिरीले कठडा सांगितला असता." विहीर जमिनीला सपाट होती. कडेनं गवत वाढलेलं, रात्री माणसालाही दिसणार नाही.

संस्थेनं फसवलं होतं असं मी म्हणणार नाही. त्यांच्या कोटेशनमध्ये बॅटरी बदलण्याची ओळच नव्हती, आणि आम्ही सात शहाण्यांनी ती विचारली नव्हती. पहिल्यांदा पैसे देणाऱ्यानं काय काय विचारायचं, कोणत्या क्रमानं, ते खाली लिहितो आहे. रक्कम पाचशेची असो की पाच लाखांची, क्रम तोच.

आधी वाघ कोणता ते ठरवा

मुंबईकराचा पहिला घोटाळा इथेच होतो. बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात प्राणी दत्तक घेण्याची योजना आहे. तुमचा पैसा तिथल्या बंदिस्त प्राण्यांच्या खाण्यापिण्यावर, औषधपाण्यावर जातो. काम चांगलं आहे, मुलाच्या वाढदिवसाला द्यावंसं वाटलं तर जरूर द्या. पण तो जंगलातल्या वाघाला दिलेला पैसा नव्हे. त्या १०४ चौरस किलोमीटरमध्ये बिबटे मोकळे फिरतात, वाघ फिरत नाही. आरेच्या पाड्यांवर वारली मंडळी ज्या वाघोबाला पुजतात, तो हल्ली भेटतो बिबट्याच्याच रूपात.

दुसरा प्रकार 'वाघ दत्तक घ्या' म्हणून प्रमाणपत्र आणि मऊ खेळणं घरी पाठवणाऱ्या योजनांचा. ती दत्तकविधी नावापुरती असते. अमुक वाघिणीच्या खात्यात तुमचे पैसे जमा होत नाहीत, ते संस्थेच्या एकूण कामाला जातात. हे समजून दिलेत तर काही बिघडत नाही.

आणि 'वाघ संपत चालला' हा निरोप आला तर त्याची तारीख बघा. २००६ च्या गणनेत देशात १,४११ वाघ होते, २०२२ च्या गणनेत अंदाज ३,६८२ चा आला. महाराष्ट्रात १०३ चे ४४४ झाले. राज्यात सहा व्याघ्र प्रकल्प आहेत: मेळघाट, ताडोबा-अंधारी, पेंच, नवेगाव-नागझिरा, बोर आणि सह्याद्री. यातला मेळघाट १९७३ साली देशात निवडलेल्या पहिल्या नऊ प्रकल्पांपैकी. पाच विदर्भात, आणि सह्याद्री आपल्याला सगळ्यात जवळ, कोयना-चांदोलीच्या रानात.

म्हणजे आजची अडचण वेगळी आहे. वाघ वाढले, जंगल मात्र तेवढंच राहिलं किंवा तुकड्यातुकड्यांत तुटलं. चंद्रपूर जिल्ह्यात तर प्रकल्पाच्या हद्दीबाहेर, ब्रह्मपुरीसारख्या वनविभागात, शेत आणि गावाच्या मधल्या रानात वाघिणी पिल्लं वाढवतात. पैसा कुठे द्यायचा हे यावरून ठरतं.

पैसा नेमका कुठे कमी पडतो

गाभा क्षेत्राचा, म्हणजे वाघांसाठी राखलेल्या आतल्या जंगलाचा, मोठा खर्च सरकार करतं. राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरण आणि राज्याचा वनविभाग मिळून वनरक्षकांचे पगार, संरक्षण कुट्या, गाड्या, गणना हे सगळं बघतात. २०२२ च्या गणनेत देशभर ३२,५८८ ठिकाणी कॅमेरा ट्रॅप, म्हणजे प्राणी समोरून गेला की आपोआप फोटो काढणारे कॅमेरे, लावले होते. त्या समुद्रात तुमचे पाच हजार ओतून फारसं काही होत नाही. खासगी पैसा उपयोगी पडतो तो हद्दीच्या कडेला, जिथे सरकारी कागद उशिरा पोचतो किंवा पोचतच नाही.

एक उदाहरण जवळून बघा. वाघानं गाय मारली. मालकानं वनविभागाला कळवायचं, जनावर जागेवरून हलवायचं नाही, वनरक्षक येऊन पंचनामा करणार, पशुवैद्यकाचा दाखला, मग फाईल वर जाणार. भरपाई मिळते, पण लगेच नाही. इकडे दुधाचा रतीब आजपासून बंद. गाय रानात पडलेली आहे आणि वाघ रात्री परत खायला येणार हे गावातल्या पोरालाही माहीत असतं. अशा वेळी रागाच्या भरात कुणी त्या मढ्यावर कीटकनाशक ओतलं, तर एक वाघीण आणि तिच्या मागून येणारी पिल्लं एका रात्रीत जातात. कॉर्बेटच्या परिसरात डब्ल्यूडब्ल्यूएफ-इंडिया आणि कॉर्बेट फाउंडेशन यांनी यावर उपाय काढला: सरकारी भरपाई येईपर्यंत मालकाच्या हातात लगेच थोडी रोख मदत. कर्नाटकात बंदीपूर-नागरहोळेच्या भोवती सेंटर फॉर वाइल्डलाइफ स्टडीजनं २०१५ पासून 'वाइल्ड सेवे' चालवलं, त्यात फोन केला की माणूस घरी येऊन भरपाईचा अर्ज भरून देतो. एका अर्जाचं काम! पण ज्याला अर्ज लिहिता येत नाही त्याच्या दृष्टीनं तो डोंगर असतो. माझ्या मते छोट्या देणगीदारानं पैसे घालावेत अशी ही पहिली जागा.

दुसरी जागा शेताची. रानडुकरांपासून पीक वाचवायला रात्री कुंपणाच्या तारेत थेट वीज सोडतात. त्या तारेवर डुक्कर मरतं, कधी वाघ मरतो, कधी शेजारचा माणूस. सौर कुंपणाचा झटका बसतो पण जीव जात नाही. सरकारी अनुदान मिळू शकतं, पण शेतकऱ्याला आपला हिस्सा आधी उभा करावा लागतो, आणि नेमकं तिथेच गाडं अडतं. विहिरींच्या कठड्यांचंही तसंच. कठडा नसलेल्या विहिरीत वाघ, बिबटे, अस्वलं पडतात. वर काढायला वनविभागाची अख्खी टीम लागते आणि काठावर हजार माणसं जमतात.

तिसरी जागा चुलीची. सकाळच्या अंघोळीचं पाणी तापवायला लागणारं सरपण रानातूनच येतं, आणि ते आणायला बहुतेक बायाच जातात. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुलं, मे महिन्यात तेंदूपत्ता. पहाटेच्या अंधारात, खाली वाकून वेचायचं काम. वाकलेलं माणूस वाघाला माणसासारखं दिसत नाही. घरात गॅस आला, कमी काड्यांत पाणी तापवणारा बंब आला की रानातल्या फेऱ्या कमी होतात. चंद्रपूर भागात असे बंब वाटण्याचं काम झालेलं आहे. बंबाचा फोटो ग्रुपवर टाकला तर कुणी टाळ्या वाजवत नाही, हे मान्य. तरी मी वाघाच्या नावानं बंबाला पैसे देईन.

चौथी जागा वाटेची. २०१९ साली यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यातून रेडिओ कॉलर लावलेला एक तरुण नर निघाला आणि शेतं, नाले, रस्ते ओलांडत बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यापर्यंत पोचला. सगळी पायपीट धरून तीन हजार किलोमीटरच्या आसपास. लोकांनी त्याला 'वॉकर' नाव दिलं. त्याची ही वाट बहुतेक ठिकाणी कुठल्याच व्याघ्र प्रकल्पात मोडत नव्हती. दोन जंगलांमधले असे पट्टे, म्हणजे संचारमार्ग, तुटले की प्रकल्प ही नुसती बेटं उरतात. पेंचमधून जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग ४४ खाली प्राण्यांसाठी भुयारी वाटा झाल्या, त्यातली सगळ्यात लांब ७५० मीटरची आहे, आणि वाघ त्यांतून जातानाचे फोटो कॅमेऱ्यात आले. बांधकामाचा पैसा रस्त्याच्या खात्यातला. पण त्याआधी कुणीतरी वर्षानुवर्षं प्राण्यांच्या वाटा मोजल्या, नकाशे काढले, न्यायालयापर्यंत प्रकरण नेलं, म्हणून त्या झाल्या. असल्या कामाला देणगीदार मिळणं फार कठीण, कारण पाच वर्षं दाखवायला काहीच नसतं.

हरणांचा विषयही इथलाच. एका वाघाला वर्षाला साधारण पन्नास मोठी खुरवाली जनावरं लागतात, आणि ती दरवर्षी मिळत राहायची तर रानात पाचेकशे असावी लागतात. कुरणं राखणं, तण काढणं, फासे शोधून काढणं ही कामं म्हणजेच वाघ राखणं.

मी कशाला देणार नाही तेही सांगतो. नुसत्या ड्रोनला नाही. उडवणाऱ्याचा पगार धरलेला असेल तर विचार करीन. उन्हाळ्यात टँकरनं पाणवठे भरण्याच्या भावनिक हाकेला नाही; पाणी कुठे ठेवायचं हे वनविभागाला ठरवू द्यावं. आणि गाव हलवण्याच्या कामाला तर डोळे झाकून मुळीच नाही. गाभ्यातून बाहेर येणाऱ्या कुटुंबासाठी केंद्राचं पॅकेज १५ लाखांचं आहे, कायद्यानं ग्रामसभेची संमती लागते, २००६ च्या वनहक्क कायद्यातले दावे आधी निकाली निघावे लागतात. ज्या संस्थेला या तिन्हींबद्दल बोलताना अडखळायला होतं, तिथून मी उठतो.

पैसे कोणाच्या हातात

तीन दारं आहेत. पहिलं नोंदणीकृत संस्थेचं. यातल्या बऱ्याच आपल्या शहरातच आहेत. फोर्टमधलं हॉर्नबिल हाऊस म्हणजे १८८३ साली स्थापन झालेली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी. वाइल्डलाइफ कन्झर्व्हेशन ट्रस्ट आणि सँक्च्युअरी नेचर फाउंडेशन याही मुंबईच्याच. विदर्भात सातपुडा फाउंडेशन आहे. देशभर काम करणाऱ्यांत १९६९ पासूनची डब्ल्यूडब्ल्यूएफ-इंडिया. ही शिफारस समजू नका. नावं माहिती असावीत एवढंच, खालचे प्रश्न यांनाही विचारायचेच. नाव मोठं म्हणून तपासणी माफ, असं बँकेत आम्ही दोनदा केलं आणि दोन्हीदा निस्तरत बसलो.

दुसरं दार व्याघ्र प्रकल्पाच्या स्वतःच्या प्रतिष्ठानाचं. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम ३८एक्स खाली व्याघ्र संवर्धन प्रतिष्ठानं स्थापन होतात. पर्यटनाचं उत्पन्न त्यांच्याकडे येतं आणि देणग्याही घेता येतात. इथे फायदा असा की पैसा त्याच जंगलात राहतो. करसवलत मिळते का, ते मात्र त्या त्या प्रतिष्ठानाला वेगळं विचारून घ्या.

तिसरं दार तुमच्या ऑफिसचं, आणि बीकेसी किंवा लोअर परळला नोकरी करणाऱ्यांनी हे आधी ठोठावावं. नक्त मूल्य ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी, यांपैकी एक जरी पार केलं तरी २०१३ च्या कंपनी कायद्यानुसार मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के सीएसआरवर, म्हणजे समाजोपयोगी कामांवर, खर्च करावे लागतात. मान्य विषयांच्या यादीत, म्हणजे सातव्या परिशिष्टात, वनस्पती-प्राण्यांचं संरक्षण आहे. तरी बहुतेक पैसा कारखान्याच्या आसपासच्या शाळा-दवाखान्यांत जातो, कारण वाघ कुणी मागतच नाही. एचआरला एक साधा मेल टाका: आपली कंपनी कर्मचाऱ्याच्या देणगीत तेवढीच भर घालते का? उत्तर 'हो' आलं तर तुमचे दहा हजार वीस झाले. संस्थेकडे सीएसआर-१ ची नोंदणी हवी, ती नसेल तर कंपनी पुढे जाऊच शकत नाही.

जानेवारीत मुंबई मॅरेथॉन पळणारे असाल तर संस्थांच्या नावानं निधी जमवण्याची सोय तिथेही असते. माझे गुडघे त्या यादीत बसत नाहीत.

कागद बघा, आणि त्यातला एक नीट वाचा

मुंबईत राहण्याचा एक फायदा: राज्याच्या धर्मादाय आयुक्तांचं कार्यालय वरळीला, डॉ. अ‍ॅनी बेझंट रोडवर आहे. महाराष्ट्रातला प्रत्येक सार्वजनिक न्यास १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली नोंदलेला असावा लागतो. त्याचा नोंदणी क्रमांक संस्थेकडून मागून घ्या आणि आयुक्तांच्या संकेतस्थळावर ताडून बघा. याशिवाय आयकराची १२ए (संस्थेच्या उत्पन्नाला करमाफी) आणि ८०जी (देणगीदाराला करसवलत) नोंदणी, पॅन, आणि नीती आयोगाच्या दर्पण या स्वयंसेवी संस्थांच्या पोर्टलवरचा क्रमांक. खरी संस्था हे सगळं एका मेलमध्ये दहा मिनिटांत पाठवते. 'ऑफिसला कळवतो, बघतो' असं दोनदा झालं की मी नाद सोडतो.

आता वाचायचा कागद. लेखापरीक्षित हिशेबात परिशिष्ट नऊ म्हणजे उत्पन्न-खर्चाचं पत्रक असतं. त्यात डाव्या बाजूला आस्थापना खर्च, विश्वस्तांचं मानधन, लेखापरीक्षण शुल्क अशा ओळी येतात, आणि खाली एक ओळ: 'न्यासाच्या उद्दिष्टांवरील खर्च'. ती धार्मिक, शैक्षणिक, वैद्यकीय, गरिबांना साहाय्य, इतर धर्मादाय अशी फोडलेली असते. वाघाचं काम बहुधा 'इतर'मध्ये सापडेल. तीन वर्षांची पत्रकं शेजारी शेजारी ठेवा. उद्दिष्टांवरचा खर्च एखाद्या वर्षी एकदम खाली गेला असेल तर कारण विचारा. कारण चांगलंही असू शकतं, प्रकल्प संपलेला असतो. पण दरवर्षी शिल्लक फुगते आहे आणि आवाहनं मात्र 'तातडीची' येत आहेत, असं दिसलं तर तातडी कसली ते विचारायला लाजू नका.

आणि एक उलटी गोष्ट. आस्थापना खर्च कमी म्हणजे संस्था चांगली, असं मीही बरीच वर्षं धरून चाललो होतो. आमच्या त्या सौरदिव्यांच्या संस्थेचा आस्थापना खर्च अगदी नगण्य होता, आणि त्याचं कारण गावात बॅटऱ्या बघायला जाणारा माणूसच नेमलेला नव्हता! वाघाच्या कामात खर्च मुख्यतः माणसांवर होतो: वाघ गावाजवळ आला की आधी धावणाऱ्या प्राथमिक प्रतिसाद दलाचा, गावातूनच नेमलेला पोरगा, जीवशास्त्रज्ञ, मोटारसायकलचं पेट्रोल, विमा. 'माझा रुपया फक्त वस्तूंवर खर्च करा, पगारावर नको' अशी अट घालणारा देणगीदार धुणं वाळत घालायला खांब विकत घेतो.

फोनवर काय विचाराल

मेल नको, फोन करा. आणि निधी जमवणाऱ्यांशी बोलून झालं की क्षेत्रावर काम करणाऱ्या माणसाशी पाच मिनिटं बोलायची विनंती करा. मी विचारतो ते साधारण असं.

हे काम नक्की कोणत्या वनपरिक्षेत्रात, कोणत्या गावांत चालतं? गावाचं नाव सांगता आलं नाही तर तिथेच थांबा. वनविभागाची परवानगी किंवा करार आहे का? जंगलात कॅमेरा लावायलाही परवानगी लागते, त्यामुळे 'आम्ही स्वतंत्रपणे काम करतो' हे उत्तर ऐकायला रुबाबदार असलं तरी काळजीचं आहे. गावकऱ्यांनी हे मागितलं होतं का, की तुम्ही सुचवलंत? वस्तू बिघडली तर दुरुस्ती कोण करणार, त्याचे पैसे या अंदाजपत्रकात कुठे आहेत? मागच्या वर्षी काय फसलं?

शेवटचा प्रश्न सगळ्यात कामाचा. एकदा एका संस्थेच्या तरुण मुलीनं मला न अडखळता सांगितलं, "काका, आम्ही तीस घरांना बंब दिले, त्यातले अकरा लोकांनी विकून टाकले. पुढच्या वेळी आम्ही घरटी थोडे पैसे घ्यायला लागलो, तेव्हापासून विकत नाहीत." मी त्याच आठवड्यात पैसे पाठवले.

पैसे देताना

क्यूआर स्कॅन केल्यावर पडद्यावर नाव येतं. ते न्यासाचं नाव हवं, अक्षर न अक्षर. कुणा व्यक्तीचं आलं तर ती व्यक्ती कितीही ओळखीची असो, रद्द करा. चेक लिहिणाऱ्यांनी चेकच्या मागे उद्देश लिहून फोटो काढून ठेवावा. रोख देऊच नका. २,००० रुपयांच्या वरच्या रोख देणगीला करसवलत तशीही नाही.

करसवलतीबद्दल गैरसमज फार. ८०जी म्हणून आपण ओळखतो ती सवलत जुन्या करप्रणालीतच मिळते, नव्या प्रणालीत नाही. बहुतेक संस्थांच्या बाबतीत देणगीच्या निम्मी रक्कम उत्पन्नातून वजा होते, तीही उत्पन्नाच्या १० टक्क्यांच्या मर्यादेत. १०,००० दिलेत आणि ३० टक्क्यांच्या टप्प्यात असाल, तर सेससकट वाचतात १,५६० रुपये. दहा हजार नव्हे! नुसती पावती पुरत नाही. संस्था तुमच्या पॅनसह देणगीचं विवरण आयकर खात्याला देते आणि मग तुम्हाला १०बीई हे प्रमाणपत्र मिळतं. त्याची मुदत वर्ष संपल्यावर ३१ मे असते. १ एप्रिल २०२६ पासून २०२५ च्या नव्या आयकर कायद्यानं कलमांचे आणि फॉर्मचे क्रमांक बदलतात, तेव्हा पावतीवर वेगळा आकडा दिसला तर दचकू नका, सीएला विचारा.

बिल्डिंगमधून जमवायचे असतील तर सोसायटीच्या मेंटेनन्सला किंवा सिंकिंग फंडाला हात लावू नका. वार्षिक सभेत एक जण उठून हरकत घेईल, आणि तो बरोबर असेल. वाघाच्या नावानं डबा फिरवून लोकांकडून वर्गणी गोळा करणार असाल, तर गणेशोत्सव मंडळं दरवर्षी कलम ४१क खाली जी परवानगी काढतात ती तुम्हालाही लागू होते. त्यापेक्षा सोपं म्हणजे पैसे स्वतःच्या खात्यात घ्यायचेच नाहीत. संस्थेचा खाते क्रमांक ग्रुपवर टाका, प्रत्येकानं आपापल्या नावानं, आपापल्या पॅननं भरावं. आमच्या सातांचे ४२,००० माझ्या खात्यातून गेले होते, आणि पावती आली ती एकट्या माझ्या नावावर. बाकीचे सहा अजून चिडवतात.

परदेशातली मुलं, भाचे देणार असतील तर आधी पासपोर्ट विचारा. भारतीय पासपोर्ट असलेल्या अनिवासी माणसानं स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिलेले पैसे परदेशी देणगी ठरत नाहीत. पण ज्यानं अमेरिकेचं नागरिकत्व घेतलं, त्याचे पाच डॉलरही ठरतात, भले त्याच्याकडे भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं ओसीआय कार्ड असो. असे पैसे फक्त एफसीआरए, म्हणजे परदेशी देणगीच्या कायद्याखालची, नोंदणी असलेल्या संस्थेलाच, तिच्या दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या ठरलेल्या खात्यात घेता येतात. भाच्याचा उत्साह संस्थेच्या अंगाशी येऊ शकतो.

रक्कम किती, असं सगळे विचारतात. एकदाच २०,००० देण्यापेक्षा दरमहा १,५०० द्यावेत असं माझं मत. दरमहा येणारा पैसा संस्थेला पगाराला धरता येतो. दिवाळीला एकदम आलेला पैसा वस्तूंवर जातो.

दिल्यानंतर

सहा महिन्यांनी एक फोन, वर्षानं एक अहवाल, एवढं मागायचा हक्क आहे. त्यापलीकडे फोटो मागत बसू नका. विशेषतः 'आमच्या पैशातला वाघ दाखवा' असं तर नकोच. वाघाची जागा, गुहा, पिल्लांचा ठावठिकाणा सांगणारा फोटो चांगली संस्था पाठवणारच नाही, आणि कुणी पाठवलाच तर पुढे ढकलू नका. शिकाऱ्यालाही व्हॉट्सअ‍ॅप असतं. देणगीदार म्हणून फुकट सफारीची अपेक्षाही सोडून द्या. जंगल बघायला स्वतःचं तिकीट काढून जा, आणि जमलं तर एक दिवस गेटपासून दूरच्या गावात काढा. तिथे गेल्यावर पैसे दिल्याचं सांगू नका. लोक मग तुम्हाला ऐकायचं तेच बोलतात.

एक वही ठेवा. माझ्या वहीत चार रकाने आहेत: तारीख, रक्कम, कशासाठी, आणि 'त्यांनी काय सांगितलं होतं'. चौथा रकाना पुढच्या वर्षी फोन करायच्या आधी वाचायचा. आमच्या सात जणांतले पाच अजून टिकून आहेत, दरमहा ५ तारखेला पैसे जातात, विहिरींच्या कठड्यांना. दुसऱ्या संस्थेमार्फत, वेगळ्या तालुक्यात. मागच्या जुलैत त्यांच्याकडून फोटो आला तो मी ग्रुपवर टाकला: गुडघ्याच्या वरपर्यंत आलेला सिमेंटचा कठडा, त्यावर पालथी घातलेली बादली. तळमजल्यावरच्या जोशीकाकूंनी विचारलं, वाघ कुठाय? मी लिहिलं, विहिरीत नाहीये. मग पाणीकपातीची सूचना आली.